इसबावर मलम लावूनही खाज जात नाही? या चुका टाळा

डिसेंबर लागला की ग्वाल्हेरच्या कोरड्या थंडीत इसब पुन्हा डोकं वर काढतो: कोपराच्या आतल्या घडीत, गुडघ्यामागे, तान्ह्यांच्या गालांवर. औषध चालू असतं, खाजही चालूच असते. अशा वेळी डॉक्टर बदलण्याआधी औषध कोणतं, किती आणि कसं लावतोय ते बघा.

सगळ्यात महागात पडते ती मेडिकलच्या काउंटरवरची चूक. ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटलं की पुष्कळदा जोरदार स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक यांची खिचडी हातात पडते. मुळात तो नायटा असला, तर खाज चार दिवस दबते, बुरशी मात्र पसरत राहते, आणि पुढे डॉक्टरांनाही तो ओळखणं अवघड जातं. नायट्याची कड उठलेली, खवलेदार असते आणि मधलं कातडं त्यामानाने साफ. इसबाचा चट्टा सहसा कडेला विरत जातो. पण नाण्यासारखा गोल इसबही असतो, त्यामुळे शंका असेल तर खवला खरवडून तपासून घेतलेला बरा.

उलट टोकाची चूक म्हणजे स्टेरॉइडच्या धास्तीने डॉक्टरांनी दिलेलं मलम हरभऱ्याएवढं घेऊन अख्ख्या हाताला पुसणं. माप सोपं आहे: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या घडीपर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. बोटांसकट दोन तळवे मावतील एवढ्या जागेला ती पुरते. खाज थांबली की लगेच मलम बंद करू नका. डोळे मिटून चट्ट्यावरून बोट फिरवा. खरखर लागली तर आतली सूज अजून आहे. चेहरा आणि जांघेला मात्र त्या जागेसाठी दिलेलंच मलम लावा, हाताचं तिथे नको.

मॉइश्चरायझरमध्ये तर सगळेच कंजुषी करतात. इसब अंगभर असेल तर मोठ्या माणसाला आठवड्याला किमान 250 ग्रॅम लागतं. 50 ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल तर ती लावली काय न लावली काय. बिनवासाचं घ्या, साधी पेट्रोलियम जेलीही चालते. कोमट पाण्याने 5 ते 10 मिनिटांत अंघोळ उरका, टॉवेलने टिपा, घासू नका, आणि अंग ओलसर असतानाच, तीनेक मिनिटांत, लावा. स्टेरॉइड आणि यात 15 ते 30 मिनिटांचं अंतर ठेवा.

बादलीत डेटॉल नको. दिवाळीचं उटणंही चट्ट्यांवर नको. मोहरीचं तेल इकडे घरोघरी अंगाला चोळतात, पण इसबाच्या कातडीला ते झोंबतं. तेलच हवं तर खोबरेल. स्वेटरच्या आत सुती बंडी असू द्या. आणि शेगडीजवळ बसताना जपा: मलम मुरलेले कपडे चटकन पेट घेतात, आणि धुतल्यावरही त्यातला स्निग्धपणा पूर्ण जात नाही.

पिवळी खपली, पू किंवा चट्ट्यातून पाणी वाहू लागलं, तर जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. नुसतं मलम वाढवून भागत नाही. एकसारख्या, दुखऱ्या फोडांचा घोस आणि सोबत ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. फोड डोळ्याजवळ असतील तर रात्र असली तरी थांबू नका.