घरच्या गच्चीवरून पुण्याची हवा कशी मोजावी

थंडीची लाट आली की पाषाण आणि एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) बाजूला पहाटे कानटोपीशिवाय बाहेर पडवत नाही. त्याच पहाटे मगरपट्ट्यात किंवा लवळ्याच्या डोंगरावर चार-पाच अंश जास्त तापमान नोंदलेले असते. कारण सरळ आहे. रात्री गार झालेली जड हवा उतारावरून खाली सरकते आणि सखल भागात साचते, तर दाट वस्तीत दिवसभर तापलेले सिमेंट रात्रभर उष्णता सोडत राहते. पावसाचेही तसेच. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि कात्रज, सहकारनगर भागात माणसे गेली. तेव्हापासून ‘पुण्यात किती पाऊस झाला’ या प्रश्नापेक्षा ‘आपल्या ओढ्याच्या वर किती झाला’ हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. मोबाइलवर ‘पुणे’ या नावासमोर दिसणारा एकच आकडा ते सांगू शकत नाही.

म्हणून हे मोजमाप घरी करावे. खर्च फार नाही, वेळ दिवसाला दहा मिनिटे. मोजायच्या गोष्टी सात: तापमान, आर्द्रता, हवेचा दाब, वारा, ढग, पाऊस आणि दृश्यमानता. या सातही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. ऊन जमिनीला तापवते, जमीन हवेला तापवते, तापलेली हवा वर चढते, तिथला दाब उतरतो, तो भरून काढायला वारा येतो, वारा बाष्प आणतो, बाष्प वर जाऊन थंड झाले की ढग होतो. त्यामुळे एकच आकडा घेऊन बसले तर अर्धेच कळते.

आधी वही आणि वेळ ठरवा

हवामान खात्याची मुख्य निरीक्षणे सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचला होतात. ग्रिनिचच्या घड्याळात तेव्हा पहाटेचे ३ आणि दुपारचे १२ वाजलेले असतात आणि जगभरची केंद्रे त्याच क्षणी नोंद करतात. तुम्हीही हेच धरा. सकाळी ऑफिसची घाई असेल तर निदान साडेआठची वेळ पाळा. रोज वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दहा नोंदींपेक्षा ठरलेल्या वेळची एक नोंद जास्त कामाची.

वहीत तारीख, वेळ आणि सात रकाने आखा. शेवटी एक मोकळा रकाना ठेवा. ‘रात्री दव’, ‘नदीकाठी धुके’, ‘दुपारी मळभ’, ‘चार वाजता गारा’ अशा गोष्टी त्यात जातात आणि पुढच्या वर्षी वही चाळताना सगळ्यात जास्त उपयोग याच रकान्याचा होतो.

तापमान: सगळी मेख जागेत

बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत किंवा ऑनलाइन साधा डिजिटल तापमापक मिळतो. कमाल-किमान लक्षात ठेवणारा घ्या. मात्र महागातला तापमापकही चुकीच्या जागी लावला तर चुकीचेच सांगतो. त्याच्यावर ऊन पडले की तो हवेचे तापमान सांगायचे सोडून स्वतः किती तापला ते सांगू लागतो.

शिवाजीनगरच्या वेधशाळेत तापमापक पांढऱ्या रंगाच्या, चारही बाजूंनी झडपांसारख्या पट्ट्या असलेल्या लाकडी पेटीत ठेवतात. तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. पट्ट्यांमधून वारा खेळतो, ऊन आत शिरत नाही. पेटी जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर असते आणि तिचे दार उत्तरेकडे उघडते, म्हणजे नोंद घेतानाही ऊन आत पडत नाही. (ही वेधशाळा जुन्या पुणेकरांचे ‘सिमला ऑफिस’. १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून इथे आले. चौकाला आजही तेच नाव आहे.)

घरी उत्तरेकडची गॅलरी सर्वांत बरी. भिंतीला चिकटवू नका, चार बोटे अंतर सोडा. एसीचे बाहेरचे युनिट, स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट आणि पत्र्याची शेड यांच्यापासून लांब. फक्त गच्चीच असेल, तर पांढरी रंगवलेली जुनी फळांची लाकडी पेटी आडवी करून विटांवर ठेवली आणि वरून दुसरी फळी थोडी उंच बसवली तरी काम भागते.

दिवसाचे कमाल तापमान दुपारी अडीच ते साडेतीनच्या दरम्यान येते, बाराला नाही. सूर्य माथ्यावरून कलला तरी जमीन अजून तापतच असते. किमान तापमान सूर्योदयाच्या आसपास. म्हणून साडेआठला वहीत लिहायचे किमान हे आजचे आणि कमाल हे कालचे.

आर्द्रता: टक्केवारीवर एकट्या विसंबू नका

उन्हाळ्यात बातम्यांत ‘सकाळची आर्द्रता ४१ टक्के, संध्याकाळची १८’ असे ऐकले की हवेतले पाणी निम्म्याहून कमी झाले असे वाटते. बहुतेक वेळा तसे काहीच झालेले नसते. सकाळी २४ अंशांवर ४१ टक्के आर्द्रता असलेली हवा दुपारी ३८ अंशांपर्यंत तापली, बाष्पाचा एक थेंबही कमी-जास्त झाला नाही, तरी आकडा १८ टक्क्यांवर येतो. गरम हवेची बाष्प सामावण्याची ताकद जास्त असते आणि टक्केवारी त्या ताकदीच्या तुलनेत काढलेली असते. म्हणूनच तिला सापेक्ष आर्द्रता म्हणतात.

ती घरी मोजायची जुनी रीत अजूनही उत्तम आहे. सारखे दोन काचेचे तापमापक शेजारी ठेवा. एकाच्या फुग्यावर स्वच्छ मलमलीची पट्टी गुंडाळा आणि पट्टीचे दुसरे टोक पाण्याच्या छोट्या बाटलीत सोडा. पाणी साधे नको, डिस्टिल्ड घ्या, नाहीतर क्षार साचून मलमल कडक होते. आता वहीने पाच मिनिटे वारा घाला. ओल्या फुग्यावरचे पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते आणि त्याचा पारा खाली उतरतो. हवा जितकी कोरडी तितका जास्त.

एप्रिलच्या दुपारी पुण्यात कोरडा फुगा ३८ आणि ओला २० दाखवत असेल, तर आर्द्रता १८ टक्क्यांच्या आसपास समजा. जूनमध्ये कोरडा ३० आणि ओला २२ असेल, तर ५० टक्क्यांच्या आसपास. पावसाळी कुंद हवेत दोघांतला फरक एक-दोन अंशांवर येतो. मग कपडे वाळत नाहीत, पापड मऊ पडतात आणि मिठाच्या बरणीत पाणी सुटते. अचूक टक्केवारीचे तक्ते मिळतात, पण रोजच्या वापराला दोन फुग्यांतला फरकच पुरतो. तो वहीत नक्की लिहा, पुढे वळवाच्या वेळी लागणार आहे.

अंगाला जाणवणारा उकाडाही इथेच कळतो. घाम उडाला तरच शरीर थंड होते. ओला फुगाच वर चढला की घामाचा उपयोग संपत येतो. मुंबईचे ३३ अंश पुण्याच्या ३८ पेक्षा नकोसे वाटतात ते यामुळे.

पाऊस: एक डबा, एक पट्टी

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. हे एकदा डोक्यात बसले की बातम्यांतले आकडे डोळ्यांसमोर उभे राहतात. हजार चौरस फुटांच्या, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटरच्या गच्चीवर ५० मिमी पाऊस पडला तर साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी उतरते. टँकरची वाट पाहणाऱ्या सोसायट्यांनी हा हिशेब जरूर करावा.

पर्जन्यमापकासाठी सरळ उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा कोणताही डबा चालतो. बाजू सरळ असतील तर तोंड केवढे आहे याचा विचारच करावा लागत नाही. पट्टी उभी धरा, पाणी जितके मिलिमीटर तितका पाऊस. कमी पावसात पट्टी नीट वाचता येत नाही. तेव्हा पाणी औषधाच्या मापात किंवा सुईशिवायच्या सिरिंजमध्ये घ्या. डब्याचे तोंड १० सेंटिमीटर व्यासाचे असेल तर ७.८५ मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिमी. मापात ४७ मिलिलिटर भरले तर पाऊस ६ मिमी.

आता जागा. कठड्याला लागून ठेवलेला डबा नेहमी कमी सांगतो, कारण तिरपी सर कठडाच अडवतो. पाण्याची टाकी, जिना, झाड यांच्यापासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवा. वाऱ्याने पडू नये म्हणून तीन विटांमध्ये बसवा, मात्र डब्याचे तोंड विटांच्या बरेच वर राहू द्या, नाहीतर विटांवरून उडालेले थेंबही मोजले जातील.

साडेआठला वाचा, लिहा, डबा रिकामा करा. मंगळवारी रात्री झोडपणारा पाऊस बुधवारच्या नावावर जातो, खातेही तसेच करते. दिवसात २.५ मिमी किंवा जास्त झाला तरच तो पावसाचा दिवस धरतात. ६४.५ मिमीपासून ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मिळून शिवाजीनगरला साधारण ६०० मिमी पाऊस पडतो. महाबळेश्वरला तोच आकडा पाच हजारांच्या पुढे जातो. ढग घाटमाथ्यावर चढताना रिकामे होतात आणि पूर्वेला उतरताना हवा तापून कोरडी होते. पुणे त्या उताराच्या पायथ्याशी आहे. डब्यात रोज रिपरिपीचे दोन-तीन मिलिमीटर आणि खडकवासल्याचे दरवाजे मात्र उघडलेले, असे होते त्याचे कारण घाटात आहे.

वारा, ढग, दृश्यमानता

वाऱ्याला नाव तो जिकडून येतो त्या दिशेचे. पश्चिमेकडून आला तो पश्चिमेचा. काठीला रिबीन बांधून गच्चीच्या मधोमध उभी करा. वेगासाठी आजूबाजूला पाहा: पाने सळसळली तर ताशी ६ ते ११ किलोमीटर, धूळ आणि कागद उडाले तर २० ते २८, छत्री सांभाळणे अवघड झाले तर ३९ ते ४९. उन्हाळ्यात संध्याकाळी पुण्यात पश्चिमेची गार झुळूक सुटते ती समुद्रावरून कोकणमार्गे घाट चढून येते. ती कोणत्या दिवशी किती वाजता आली ते लिहीत जा.

ढगांसाठी आभाळाचे मनातल्या मनात आठ भाग करा आणि किती झाकले ते लिहा. प्रकार तीनच ओळखले तरी चालतील: उंचावरचे पिसांसारखे, खालचे थरांचे आणि दुपारी फुगणारे कापशी. दृश्यमानतेसाठी गच्चीवरून दिसणाऱ्या खुणा ठरवा: समोरची टेकडी, पर्वती, सिंहगडावरचा टॉवर. एक किलोमीटरच्या आतले दिसेनासे झाले तरच ते धुके.

दाब

बऱ्याच मोबाइलमध्ये दाबमापक असतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. त्यामुळे इथे आकडा ९५० हेक्टापास्कलच्या आसपास येतो, समुद्रसपाटीवरच्या १०१३ च्या नाही. फोन बिघडलेला नाही. ॲपमधला हजाराच्या वरचा आकडा समुद्रसपाटीला आणलेला असतो. दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास तीन-चार हेक्टापास्कलने उतरतो. हे नेहमीचेच, त्यावरून वादळाचे अंदाज बांधू नका. सिंहगडावर जाताना पायथ्याला आणि माथ्यावर आकडा पाहा. गड सुमारे १३०० मीटरवर आहे, शहरापेक्षा दाब ८० च्या आसपास कमी आणि हवा चार-पाच अंश गार मिळेल.

आता सगळे एकत्र वाचा

वळवाचा पाऊस हा या वहीचा खरा कस. एप्रिल-मे महिन्यांत सकाळच्या नोंदीत दोन फुग्यांतला फरक आधीच्या दिवसांपेक्षा घटलेला दिसला, म्हणजे हवेत बाष्प आले. दुपारी तापमान चढलेलेच, वारा पडलेला, दाब रोजच्यापेक्षा थोडा जास्त उतरलेला आणि पूर्वेला कापशी ढग उंच होत चाललेले दिसले, तर वाळवण आवरा. मग अचानक गार वारा धूळ घेऊन येतो, तापमान काही मिनिटांत घसरते आणि टपोरे थेंब सुरू होतात. यातली एखादीच खूण दिसली तर आभाळ नुसते भरून येऊन जाते, हेही वहीत उतरवा.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागा, तितके किलोमीटर ती लांब. मोजणी तिसापर्यंत पोहोचायच्या आत आवाज आला, तर नोंद अर्धी टाकून खाली या. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेले ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजांची सूचना देते, ते फोनमध्ये असू द्या. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास झाल्यावर गच्चीवर जा. डब्यातले पाणी तोवर कुठे जात नाही.