रस्टमध्ये फंक्शनं जोडताना चुकीमागचं कारण हरवू देऊ नका

इंदूरच्या एखाद्या नमकीनवाल्याकडे ऑनलाइन ऑर्डरी येतात असं धरू. गिऱ्हाईक वजन आणि पिनकोड लिहितं. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला प्रोग्राम ते वाचतो, तपासतो, भाव लावतो, नोंद करतो. यातलं जे फंक्शन फसू शकतं, त्याने ‘रिझल्ट’ परत द्यावा: जमलं तर ‘ओके’मध्ये उत्तर, नाही जमलं तर ‘एर’मध्ये कारण. हास्केल या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत हेच काम ‘आयदर’ करतो.

आता जोडणी. पुढचं फंक्शन फसणारच नसेल, उदाहरणार्थ वजनावरून पाकीट लहान की मोठं ठरवणारं, तर ‘मॅप’ लावा; तो ओकेमधल्या उत्तरावर ते फंक्शन चालवतो. तेही रिझल्टच देत असेल तर ‘अँड-देन’. तिथे मॅप लावला तर रिझल्टच्या पोटात रिझल्ट बसतो आणि पुढे टाइप, म्हणजे मूल्यांचे प्रकार, जुळत नाहीत. एर आली की अँड-देन पुढचं फंक्शन बोलावतच नाही. एर तशीच शेवटपर्यंत जाते.

मात्र अँड-देनला साखळीभर एरमधल्या चुकीचा टाइप एकच लागतो. त्यासाठी एक ईनम, म्हणजे ठरावीक पर्यायांचा टाइप, करा: वजन चुकलं, पिनकोड चुकला, भाव सापडला नाही. प्रत्येक टप्प्यावर एरमधलं मूल्य बदलणाऱ्या ‘मॅप-एर’ने मूळ चूक त्यात बसवा आणि गिऱ्हाइकाने लिहिलेला मजकूरही सोबत ठेवा. २०१६ पासून रस्टमध्ये असलेलं प्रश्नचिन्ह (‘?’) एका टाइपमधून दुसरा बनवणारं ‘फ्रॉम’ वापरून हे रूपांतर आपोआप करतं. पण वजन आणि नग दोन्ही मजकुरातून आकडा काढणाऱ्या ‘पार्स’ने पूर्णांक म्हणून वाचत असाल, तर दोन्हींची चूक एकाच टाइपची असते आणि कुठला रकाना चुकला ते कळत नाही. म्हणून इथे मॅप-एरच बरा.

पिनकोडची तपासणी नीट पाहू. कीबोर्ड मराठी किंवा हिंदी असेल तर ‘४५२००१’ देवनागरी अंकांत येऊ शकतो. अक्षर अंक आहे का ते सांगणारं ‘इज-न्यूमरिक’ त्याला होकार देतं, पण ‘पार्स’ नाकारतो, कारण त्याला इंग्रजी अंकच चालतात. लांबी सांगणारा ‘लेन’ अक्षरं नव्हे, बाइट मोजतो, त्यामुळे सहा अंकांचे अठरा दिसतात. आधी ‘ट्रिम’ने कडेच्या मोकळ्या जागा काढा, नाहीतर मागची एक मोकळी जागाही पार्सला अडवते. मग अक्षराचा युनिकोड क्रमांक २४०६ ते २४१५ असेल तर त्यातून २४०६ वजा करा, अंक मिळतो. त्यानंतर सहा अंक आहेत ना आणि पहिला शून्य नाही ना, एवढं पाहा.

रिझल्टमधून थेट उत्तर काढणारा ‘अनरॅप’ एर दिसताच पॅनिक करतो, म्हणजे प्रोग्राम तिथेच कोसळतो. त्याहून घातक म्हणजे एर आली तर ठरलेलं मूल्य देणाऱ्या ‘अनरॅप-ऑर’ला शून्य देणं: वजन वाचता आलं नाही तरी शून्य किलोचं, शून्य रुपयांचं बिल निमूट तयार होतं.

अँड-देन पहिल्याच चुकीवर थांबतो. वजन आणि पिनकोड एकमेकांवर अवलंबून नाहीत, तेव्हा ते वेगवेगळे तपासा, दोन्ही रिझल्ट एकाच ‘मॅच’मध्ये घ्या आणि असतील तेवढ्या चुका ‘व्हेक’मध्ये, म्हणजे यादीत, भरून एकदम दाखवा. भाव आणि नोंद यांची साखळी त्यानंतर.