गडावर खिचडी शिजवायची तर स्टोव्ह कुठला घ्यावा?

आमच्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये स्वयंपाकाचं खातं माझ्याकडे आहे. त्यामुळे दिवाळी उलटली की फोन सुरू होतात, "ताई, गॅसचा स्टोव्ह कुठला घेऊ?" मी आधी उलट विचारते : वर शिजवणार काय, आणि किती जणांसाठी?

नुसता चहा आणि मॅगी असेल, तर गॅसच्या डब्याच्या डोक्यावर फिरवून बसवायचा तळहाताएवढा बर्नर पुरे. पण साल्हेरच्या गुहेत सहा जणांची खिचडी टाकायची असेल, तर तो घेऊ नका. त्याची ज्योत पातेल्याच्या मधोमध एकाच ठिकाणी लागते. खिचडी तिथे करपते आणि कडेचा तांदूळ कच्चा राहतो. शिवाय खाली डबा, वर बर्नर, त्यावर भरलेलं पातेलं असा उंच डोलारा उभा राहतो. कातळ जरा तिरपा असला की कलंडलाच. अशा वेळी नळीचा स्टोव्ह घ्यावा. त्याचा बर्नर स्वतःच्या पायांवर जमिनीलगत बसतो आणि डबा नळीने बाजूला राहतो.

दुकानात जाताना घरचं पातेलं सोबत न्या. पातेलं नसेल तर आधी भांडी बाजारातून सपाट बुडाचा टोप घ्या, मग स्टोव्ह. पाय उघडून त्यावर टोप ठेवा, थोडा हलवून बघा. बर्नरचं तोंड रुंद हवं. पेटवून दाखवत असतील तर नॉब अगदी कमीवर आणा. तिथे ज्योत फडफडून विझत असेल तर पिठलं, भात विसरा. लिटरभर पाणी किती मिनिटांत उकळतं, हा खोक्यावरचा आकडा बिनवाऱ्याचा असतो. धोडपच्या माथ्यावर जानेवारीत तो कामाचा नाही.

वाऱ्याला आडोसा लागतोच. पण डब्यावर बसणाऱ्या बर्नरला पत्र्याने चहूबाजूंनी कधीच वेढू नका. उष्णता आत कोंडून डबा तापतो आणि फुटू शकतो. नळीच्या स्टोव्हला आडोसा जवळ लावता येतो, फक्त डबा त्याच्या बाहेर हवा.

आता गॅस. स्क्रूच्या बसक्या डब्यांत बहुधा आयसोब्युटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण असतं. लांबट, नोझलचे डबे स्वस्त असतात आणि सहज मिळतात, पण त्यांत बहुतेक नुसता ब्युटेन. डब्यात गॅस द्रवरूपात असतो, तो उकळून वायू झाला तरच ज्योतीला मिळतो. ब्युटेन उणे ०.५ अंशाला उकळतो, आयसोब्युटेन उणे १२ च्या आसपास, प्रोपेन उणे ४२ ला. जळताना डबा स्वतःही गार पडत जातो, त्यामुळे पहाटे पारा ५-६ अंशांवर असतानाच लांबट डब्याची ज्योत मरगळते. रात्री डबा स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, सकाळी नीट पेटतो. आपल्या सह्याद्रीला एवढं पुरतं, म्हणून नेहमीसाठी मी लांबट डब्याचाच नळीवाला स्टोव्ह सुचवते. हिमालयात जाणार असाल तर मात्र स्क्रूचाच घ्या. रेल्वेत आणि विमानात डबे नेता येत नाहीत, ते तिकडेच विकत घ्यावे लागतात. मनालीत स्क्रूचे डबे मिळतात.

रिकामा डबा घरगुती सिलिंडरमधून भरून देणारे भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. घरगुती गॅसचा दाब जास्त असतो आणि तो पातळ पत्रा त्यासाठी बनवलेला नाही.

स्टोव्हवरचं लायटर वाऱ्यात, दमट हवेत दगा देतं, म्हणून काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. तंबूच्या आत कधीही पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गुहेतही तोंडाशी बसूनच शिजवा. साल्हेर १५६७ मीटरवर, तिथे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून शिजायला वेळ लागतो. डाळ-तांदूळ तासभर आधी भिजवलेत तर गॅस वाचतो.