जपानच्या खेड्यांतील फुलांचे हंगाम आणि तिथले कॅफे : सहलीची आखणी कशी करावी

जपानला फुले पाहायला जायचे म्हटले की बहुतेक मंडळी आधी तारीख ठरवतात, विमानाची तिकिटे काढतात आणि मग त्या आठवड्यात कुठे काय फुललेले असेल याचा शोध घेऊ लागतात. टोकियो-क्योतोच्या सहलीत हे खपून जाते. खेड्यांकडे जायचे असेल तर मात्र याच क्रमाने हिरमोड होतो. फुलांचा बहर दरवर्षी मागेपुढे सरकतो, मार्च उबदार गेला तर चेरी आठवडाभर आधी फुलते, आणि भारतातून चार महिने आधी तिकीट काढणाऱ्याला याचा अंदाज येणे शक्य नसते. म्हणून एखादे नावाजलेले ठिकाण निवडण्याऐवजी, तळापासून डोंगरउतारापर्यंत उंचीचा चांगला फरक असलेले एक संपूर्ण खोरे निवडावे. दर १०० मीटर चढल्यावर हवा सुमारे ०.६ अंशाने गार होते आणि चेरीसारख्या झाडांचा बहर साधारण दोन-तीन दिवसांनी लांबतो. त्यामुळे खाली पाकळ्या गळून गेल्या असतील तर वर चढावे आणि वर नुसत्या कळ्या दिसल्या तर खाली उतरावे. दोन-तीन रात्रींचा मुक्काम असला की काही ना काही ऐन बहरात सापडतेच.

नागानो प्रांताच्या दक्षिणेकडचे इना खोरे हे अशा सहलीसाठी मला सर्वांत सोयीचे वाटते. मधून तेनर्यू नदी वाहते, पश्चिमेला मध्य आल्प्स आणि पूर्वेला दक्षिण आल्प्स पर्वत आहेत, आणि एप्रिलमध्ये दोन्हीकडची शिखरे बर्फाने पांढरी असतात. टोकियोच्या शिंजुकूहून इना शहरापर्यंत थेट महामार्ग बस आहे आणि ती सुमारे साडेतीन तास घेते. खोऱ्यातून धावणारी इइदा रेल्वेमार्गावरची गाडी याहून पुष्कळ संथ आहे. तोयोहाशी ते तात्सुनो या सुमारे १९६ किलोमीटरच्या मार्गावर ९४ स्थानके आहेत, यावरून तिच्या चालीची कल्पना यावी. वेळ असेल तर एखादा टप्पा तिने अवश्य करावा, पण सगळा प्रवास तिच्यावर सोपवू नये.

खोऱ्यातले पहिले ठिकाण म्हणजे ताकातो किल्ल्याच्या अवशेषांवरचे उद्यान. १५८२ साली ओदा नोबुनागा या सरदाराच्या मुलाने, नोबुतादाने, हा किल्ला घेतला. पुढे मेइजी काळात (१८६८-१९१२) तो पाडला गेला आणि जुन्या संस्थानच्या सामुराईंनी त्या मोकळ्या जागेत चेरीची झाडे लावली. आज तिथे सुमारे १५०० झाडे आहेत आणि ती सगळी ताकातो कोहिगान या जातीची आहेत. हिची फुले शहरात सर्वत्र दिसणाऱ्या सोमेइ-योशिनोपेक्षा लहान आणि रंगाने जरा गडद गुलाबी असतात. उद्यान सुमारे ८०० मीटर उंचीवर असल्यामुळे टोकियोतला बहर ओसरल्यावर, साधारण एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, इथला सुरू होतो. बहराच्या दिवसांत प्रवेशशुल्क असते आणि सकाळी नऊनंतर वाहनतळाकडे जाणारा रस्ता तुंबतो. म्हणून मुक्काम इना शहरात करून सकाळी लवकर पोहोचावे, आणि नऊ-साडेनऊला, बाकीचे येत असताना, आपण बाहेर पडावे.

दक्षिणेला आचि गावात त्सुकिकावा या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या परिसरात हानामोमो, म्हणजे केवळ फुलांसाठी लावलेले पीच, फुलते. एकाच झाडावर लाल, गुलाबी आणि पांढरी फुले येतात; पहिल्यांदा पाहणाऱ्याला कुणी कलमे बांधून गंमत केली असावी असेच वाटते. विद्युतउद्योगातले फुकुझावा मोमोसुके यांनी जर्मनीतील म्युनिकहून आणलेल्या तीन रोपांपासून या भागातली ही झाडे पसरली असे मानले जाते. हिरुगामी या खालच्या वस्तीत ती एप्रिलच्या मध्यावर फुलतात आणि वर त्सुकिकावाकडे महिनाअखेरीपर्यंत बहर टिकतो. ताकातोची चेरी हुकली तर हानामोमो बहुधा मिळते, आणि या खोऱ्याची निवड करण्याचे खरे कारण हेच आहे. फक्त २९ एप्रिल ते ५ मे हा सुट्ट्यांचा आठवडा टाळावा, कारण तेव्हा जपानच घराबाहेर पडलेले असते.

बहराची स्थिती कशी वाचावी, हे निघण्यापूर्वी शिकून घ्यावे. हवामान खाते प्रत्येक भागातल्या एका ठरावीक नमुना-झाडावर पाच-सहा फुले उमलली की बहर सुरू झाल्याचे जाहीर करते आणि सुमारे ८० टक्के कळ्या उमलल्या की पूर्ण बहर मानते; या दोहोंमध्ये साधारण आठवडा जातो. बहराचे अंदाज देणे मात्र खात्याने २०१० पासून थांबवले असून ते काम आता खाजगी कंपन्या करतात. हे राष्ट्रीय अंदाज मुख्यतः सोमेइ-योशिनोचे असल्यामुळे ताकातोसारख्या ठिकाणी ते जसेच्या तसे लागू करू नयेत. त्याऐवजी त्या त्या गावाच्या पर्यटन कार्यालयाचे संकेतस्थळ रोज पाहावे. तिथे ‘त्सुबोमि’ म्हणजे कळ्या, ‘गोबु-झाकी’ म्हणजे निम्मा बहर, ‘शिचिबु-झाकी’ म्हणजे सात दशांश, ‘मानकाइ’ म्हणजे पूर्ण बहर आणि ‘चिरि-हाजिमे’ म्हणजे गळायला सुरुवात, अशी नोंद असते. निम्मा बहर दिसला की निघावे. पूर्ण बहराची वाट पाहत बसलेल्याला वाटेत एक पाऊस गाठतो आणि मग रस्त्यावरच्या पाकळ्याच पाहायला मिळतात.

खोऱ्यात फिरण्यासाठी गाडी भाड्याने घेणे सर्वांत सोपे. भारत आणि जपान हे दोन्ही देश १९४९ च्या जिनिव्हा करारात असल्यामुळे आपल्या आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना तिथे चालतो. मूळ परवाना आणि पारपत्र सोबत ठेवावे. रस्त्याची डावी बाजू आपल्यासारखीच असल्याने फारसे बिचकण्याचे कारण नाही, परंतु प्रत्येक रेल्वे फाटकापाशी, ते उघडे असले तरी, गाडी पूर्ण थांबवून मगच पुढे जावे लागते, हे विसरू नये. गावातल्या गल्ल्या अरुंद असतात, म्हणून ६६० सीसीची, पिवळ्या पाटीची छोटी गाडी मागावी. भाड्याच्या गाडीतल्या दिशादर्शकात जपानी पत्ता टाकण्याची खटपट करण्यापेक्षा त्या ठिकाणाचा दूरध्वनी क्रमांक टाकावा. यंत्र तो ओळखते. रेल्वेनेच जायचे असेल तर छोट्या स्थानकांवर शहरांत वापरायचे रेल्वेचे प्रीपेड कार्ड चालेलच असे गृहीत धरू नये. एका चालकाच्या गाडीत चढताना दाराशेजारच्या यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची, समोरच्या फलकावर त्या क्रमांकाखाली वाढत जाणारे भाडे पाहायचे आणि उतरताना पुढच्या दारी चिठ्ठीसह सुटे पैसे पेटीत टाकायचे, अशी तिथली रीत आहे. देशभराचा रेल्वे पास २०२३ साली सात दिवसांना ५०,००० येनपर्यंत महागला. एका खोऱ्यापुरत्या सहलीला तो घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

आता कॅफेविषयी. फुलांइतकाच विचार त्यांचा करावा लागतो, कारण खेड्यातला कॅफे ही बहुधा एका जोडप्याने चालवलेली, आठ-दहा जणांची जागा असते आणि ती आपल्या सोयीने उघडी राहत नाही. आठवड्याची सुट्टी बहुतेकदा मंगळवार-बुधवारची असते, काही ठिकाणी ती ठरलेलीच नसते, आणि बर्फाच्या महिन्यांत कित्येक कॅफे बंदच असतात. नकाशावरच्या वेळांवर विसंबू नये; कॅफेचे इन्स्टाग्राम पाहावे, तिथे बहुतेक मालक महिन्याचे सुट्टीचे वेळापत्रक टाकतात. जेवण अकराला सुरू होते आणि दीडपर्यंत संपूनही जाते. म्हणून सकाळी फुले, अकराच्या ठोक्याला कॅफे आणि दुपारी दुसरे ठिकाण, हा क्रम ठेवावा. आधी दोन ठिकाणे उरकून मग जेवू असे म्हणणाऱ्यांना शेवटी चोवीस तास उघड्या दुकानातला भाताचा गोळा गाडीत बसून खावा लागतो.

जुन्या शेतघराचे रूपांतर करून काढलेल्या कॅफेला कोमिंका कॅफे म्हणतात आणि सहलीत निदान एक तरी असा पाहावा. दारावर कापडी पडदा लावलेला असेल तर कॅफे उघडा आहे, आत घेतलेला असेल तर बंद. आत गेल्यावर खालच्या फरशीवर जोडे काढायचे, वरच्या लाकडी पायरीवर मोज्यांनी चढायचे आणि जोड्यांची टोके दाराकडे वळवून ठेवायची. धुराने काळ्या झालेल्या जाड तुळया, मधोमध चौकोनी चूल, तिच्यावर साखळीने टांगलेली किटली आणि तातामीवर, म्हणजे गवती चटयांवर, ठेवलेल्या उशा, अशी मांडणी असते. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी खुर्चीची जागा आधीच विचारून घ्यावी. बसताच पाणी आणि ओला रुमाल येतो, त्याचे पैसे नसतात. माणशी निदान एक पेय मागवावे. चौघांत दोन कॉफ्या मागवून तासभर बसणे तिथे वाईट दिसते. बिल गल्ल्यावर द्यायचे आणि पैसे हातात न देता छोट्या तबकात ठेवायचे असतात. बक्षिसी देऊ नये, मालक ती परत करायला मागे धावत येतात. पुष्कळ ठिकाणी रोखच चालते. टपाल कार्यालयांतील आणि सेव्हन-इलेव्हनमधील एटीएम परदेशी कार्डे घेतात, त्यामुळे खोऱ्यात शिरण्यापूर्वी पैसे काढून ठेवावेत.

शाकाहारी मंडळींना मुख्य अडचण मांसाची नसून माशाच्या अर्काची असते, कारण सूप, चटण्या, शिजवलेल्या भाज्या या सर्वांत तो बेमालूम असतो, आणि भाज्यांची म्हणून दिलेली करीसुद्धा प्राण्यांच्या चरबीच्या तयार मसाल्याची असू शकते. त्या दृष्टीने इना खोरे त्यातल्या त्यात दयाळू आहे. ताकातो सोबा हा इथला बकव्हिटच्या (कुट्टूच्या) शेवयांचा प्रकार जुन्या पद्धतीने भाजलेले मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा) आणि किसलेल्या मुळ्याचा झणझणीत रस यांच्याबरोबर खातात. हल्ली काही ठिकाणी त्यात माशाचा अर्क मिसळतात, म्हणून ‘दाशि (हा अर्क) आहे का’ एवढे विचारून घ्यावे. गोहेइ-मोचि म्हणजे कुटलेला भात काडीवर थापून, अक्रोड आणि मिसोचा लेप लावून निखाऱ्यावर भाजलेला पदार्थ. तो रस्त्याकडेच्या मिचि-नो-एकी या विश्रांतीस्थळांवर गरम मिळतो. आणि गोडाची तर इथे चैनच आहे, कारण इना हे कांतेनचे, म्हणजे आपल्या चायना ग्रासचे, मोठे केंद्र आहे. तिथल्या कांतेन पापा उद्यानात लाल पाइनच्या झाडीत उपाहारगृहे आहेत. कांतेनचे पारदर्शक चौकोन, अझुकी या लाल कडधान्याचे गोड दाणे आणि काकवीसारखा काळा पाक असलेले आनमित्सु जिलेटिनची धास्ती न बाळगता खाता येते.

एप्रिल जमत नसेल तर याच खोऱ्यात सप्टेंबरात यावे. मिनोवा गावात सुमारे ९०० मीटर उंचीवर लाल फुलांच्या सोब्याचे, म्हणजे बकव्हिटचे, ४.२ हेक्टरचे शेत आहे. हा वाण शिंशू विद्यापीठाने १९८७ साली नेपाळातील हिमालयातून आणलेल्या बियाण्यापासून स्थानिक कंपनीच्या साहाय्याने तयार केला. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, जंगलातल्या छोट्या वाटेने वर चढून गेल्यावर, तो उतार गुलालाने माखल्यासारखा दिसतो. टोकियोच्या निशी-कासाई भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना याच सुमारास एका दिवसाची सोपी सहल हवी असेल, तर इकेबुकुरोहून सेइबु रेल्वेने सायतामा प्रांतातील कोमा स्थानकावर उतरावे. तिथून पंधरा मिनिटे चालत गेले की किंचाकुदा येते. नदीच्या बटव्यासारख्या वळणात झाडांखाली सुमारे ५० लाख हिगानबाना (लाल स्पायडर लिली) एकदम फुलतात. या फुलांचे कांदे विषारी असल्यामुळे उंदीर-चिचुंद्र्यांना दूर ठेवण्यासाठी ती पूर्वी भातशेतीच्या बांधांवर लावत, म्हणून मुलांना तोडू देऊ नये. होक्काइदोतील फुरानोचा लॅव्हेंडर जुलैच्या मध्यावर भरात असतो. त्याविषयी इतके लिहिले गेले आहे की इथे एवढेच पुरे.

फुरानोशेजारच्या बिएइ गावातली एक गोष्ट मात्र सांगायला हवी. तिथे गव्हाच्या शेतात वाकून उभे असलेले ‘तत्त्वज्ञ’ नावाचे एक झाड छायाचित्रकारांमध्ये प्रसिद्ध होते. लोक वारंवार पिकात शिरू लागले, सूचना लावूनही थांबेनात, आणि २०१६ साली शेतमालकाने ते जर्जर झालेले झाड पाडून टाकले. कास पठारावर कुंपण आणि रोजच्या पर्यटकांची मर्यादा का आली हे आपल्याला ठाऊक आहेच. जपानात बहुतेक ठिकाणी कुंपण नसते. बांध हीच हद्द मानायची. जोड्यांना लागलेल्या मातीतून बटाट्याचे आणि इतर पिकांचे रोग एका शेतातून दुसऱ्या शेतात जातात, त्यामुळे रिकाम्या दिसणाऱ्या शेतातही पाऊल टाकू नये. छायाचित्रासाठी गाडी अरुंद रस्त्यावर थांबवू नये, कारण मागून ट्रॅक्टर येत असतो. पुढच्या वाहनतळावर ती लावून चालत मागे यावे. कचरापेट्या जवळपास नसतात, तेव्हा एक रिकामी पिशवी बॅगेत ठेवावी आणि ती मुक्कामाच्या जागी रिकामी करावी.