गुडघा सरळ होता का?

पोषणशास्त्रात एम.एस्सी. करून मी एका संस्थेतर्फे सातपुड्यातल्या एका तालुक्यात रुजू झाले. नेमणूकपत्रात काम लिहिलं होतं, ‘कुपोषण निर्मूलनासाठी शासकीय यंत्रणेस तांत्रिक सहाय्य’. करार अकरा महिन्यांचा. पहिल्याच बैठकीत एका पर्यवेक्षिकाबाईंनी विचारलं, “आहार आम्ही देतो, मोजतो आम्ही, औषध प्राथमिक आरोग्य केंद्र देतं. मग तुम्ही काय करणार?” मला उत्तर देता आलं नाही. आज विचारलं तर सांगेन, मी गुडघे बघते.

या कामात नव्याने येणाऱ्यांनो, हसू नका. सॅम म्हणजे तीव्र कुपोषित, मॅम म्हणजे मध्यम कुपोषित, आणि झेड स्कोअर म्हणजे लांबीच्या मानाने मुलाचं वजन तक्त्यातल्या मध्यापासून किती खाली-वर आहे तो आकडा, एवढं तुम्हाला माहीत असणार. पण त्या स्कोअरच्या पोटात जी लांबी असते ती कुणी आणि कशी घेतली, हे विचारावं असं मला पहिले पाच महिने वाटलंच नाही. माझ्याकडे एक्सेल होतं. रजिस्टरमधले आकडे त्यात टाकले की सॅमला लाल, मॅमला पिवळा, बाकीच्यांना हिरवा रंग आपोआप पडायचा. लाल कमी होत चालले होते. तालुक्याच्या आढाव्यात कौतुक झालं, मी रात्री घरी फोन करून सांगितलंसुद्धा.

त्या यादीत सव्वा वर्षाचा एक मुलगा होता. वजन ६.८ किलो, लांबी ७० सेंटिमीटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ७० सेंटिमीटरच्या मुलग्याची उणे तीन झेड स्कोअरची रेषा, जिच्या खाली मूल सॅम ठरतं, ती ६.६ किलोवर आहे. म्हणजे हा मॅम, पिवळा. घरपोच आहार चालू आहे, पुढच्या महिन्यात बघू. पंधरा दिवसांनी आई त्याला ताप आणि जुलाब घेऊन ग्रामीण रुग्णालयात आली. तिथे नर्सने लांबी घेतली ती ७२ भरली. ७२ ला ती रेषा ७ किलोवर जाते. पंधरा दिवसांत मूल दोन सेंटिमीटर वाढत नाही. म्हणजे आजारी पडायच्या आधीच, धडधडीत ६.८ वजन असताना, तो सॅम होता आणि माझ्या शीटवर पिवळा बसला होता. तीव्र कुपोषित मुलांना गावातच खास आहार देणाऱ्या ग्राम बाल विकास केंद्रात, आपल्या व्हीसीडीसीत, त्याचं नावच नव्हतं.

मी त्या अंगणवाडीत गेले. सेविकाताई कामचुकार नव्हत्या, उलट तालुक्यातल्या चांगल्यांपैकी एक. मदतनीस रजेवर, त्यामुळे इन्फँटोमीटरवर, म्हणजे मुलाला झोपवून लांबी मोजायच्या फळीवर, एकट्याच. एका हाताने डोकं धरायचं, दुसऱ्याने पायाची पट्टी सरकवायची. मूल रडतं, पाय आखडतं, गुडघा वर येतो, पट्टी टाचेला टेकते, आकडा वाचला जातो. दोन सेंटिमीटर तिथे गेले.

आता हे नीट समजून घ्या, कारण यात चूक कोणत्या दिशेला जाते हे महत्त्वाचं आहे. गुडघा वाकला की लांबी कमी येते. लांबी कमी आली की तेवढ्या लांबीला तेच वजन ‘बरं’ दिसतं. म्हणजे ही चूक नेहमी मुलाला बरं दाखवते. डोकं वरच्या फळीला न टेकता आकडा घेतला, किंवा आईने केसांची गाठ सोडली नाही, तर उलट होतं, लांबी जास्त येते आणि धडधाकट मूल लुकडं दिसतं. ते परवडतं, कारण दुसऱ्या मोजणीत सुटतं. गुडघ्याची चूक सुटत नाही, कारण बरं दिसलेलं मूल कुणी दुसऱ्यांदा मोजतच नाही. त्यात वजनाच्या काट्याकडे सगळे लक्ष देतात, ताई शून्य करून घेतात, आपण कौतुक करतो. लांबीकडे कुणी बघत नाही.

त्यामुळे दोन माणसं हवीतच. एकीने डोकं फळीला टेकवून मुलाची नजर सरळ वर ठेवायची, दुसरीने एका हाताने दोन्ही गुडघे हलकेच दाबून दुसऱ्या हाताने पट्टी तळव्याला लावायची. आई मुलाच्या चेहऱ्याजवळ. मदतनीस नसेल तर आशाताईंना थांबवा, त्याही नसतील तर तुम्ही गुडघे धरा. हेच तांत्रिक सहाय्य, पीपीटी नाही.

गावात न जाता चूक पकडायची असेल तर रजिस्टरमधल्या लांबीचा शेवटचा आकडा बघा. सगळीकडे .० आणि .५ असेल तर पट्टी अंदाजाने वाचली गेली आहे. मागच्या महिन्यापेक्षा लांबी कमी झालेली मुलं शोधा, मूल आखूड होत नाही. अपवाद एकच. दोन वर्षं झाली की आपण उभं करून उंची घेतो, ती झोपवून घेतलेल्या लांबीपेक्षा साधारण ०.७ सेंटिमीटरने कमी येते. तेवढ्यासाठी ताईंना बोलू नका. मी बोलले होते. नंतर माफी मागितली.

दंडघेराची पट्टी लावली की काम झालं, असं सांगणारे बरेच सीनिअर भेटतील. पट्टी हवीच, सहा महिन्यांपुढच्या मुलाला ११.५ सेंटिमीटरच्या खाली दंड गेला की मूल सॅम, वाद नको. पण दंडघेरात निभावलेलं मूल उंचीनुसार वजनात सॅम निघतं आणि उलटही होतं. दोन्ही करा. आणि दोन्ही पायांवर अंगठा दाबून बघा, सूज असेल तर तक्त्यातलं वजन खोटं असतं. सीनिअरबद्दल माझं मत थोडं कडवट आहे, माफ करा. राजधानीतून व्हिडिओ कॉलवर ‘डेटा क्वालिटी’ शिकवणाऱ्यापेक्षा वीस वर्षं नोकरी झालेल्या एका सेविकेमागे आठवडाभर फिरा.

त्यांच्यावर ओझं किती आहे हेही तेव्हाच दिसतं. २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले, तेव्हा मला वाटलं होतं की यांना काम नको आहे. नंतर तसल्याच एका मोबाइलवर मुलांच्या नोंदींचं इंग्रजीतलं अ‍ॅप, पोषण ट्रॅकर, भरायला स्वतः बसले. अर्ध्या तासात तीन मुलं झाली.

आता सगळ्यात अवघड भाग. गुडघे सरळ केले की सॅमचा आकडा वाढतो. आमच्या तालुक्यात पुढच्या दोन महिन्यांत तो दुपटीच्या वर गेला आणि आढाव्यात सगळ्यांसमोर विचारणा झाली, “मॅडम आल्यापासून कुपोषण वाढलं का?” मी आकडे दाखवत भांडले. चूक माझी होती. प्रकल्प अधिकाऱ्यांना आठ दिवस आधी सांगायला हवं होतं, वैद्यकीय अधिकाऱ्यांना घेऊन दोन अंगणवाड्यांत फेरमोजणी करायला हवी होती, म्हणजे आकडा त्यांचाही झाला असता. अधिकाऱ्याला बैठकीत धक्का देऊ नका, मोजणीच बंद पडते. पण आकडा ‘दुरुस्त’ करायला सांगितलं तर करू नका. एनएफएचएस-५ मध्ये, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची १०.९ टक्के मुलं तीव्र लुकडी, म्हणजे उंचीनुसार वजनात सॅम, निघाली होती. तुमच्या आदिवासी तालुक्याच्या शीटवर एखादाच टक्का दिसत असेल तर आनंद मानू नका, एका रविवारी जाऊन वीस मुलं स्वतः मोजा.

तो मुलगा वाचला, पण सरळ नाही. बाल उपचार केंद्रात पाचव्या दिवशी आई त्याला घेऊन निघून गेली. घरी दोन मुलं, पेरणी तोंडावर. बुडीत मजुरी मिळते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि नंतर मिळेल या बोलीवर कोण थांबतं? आशाताई तीन वेळा घरी गेल्या, मग व्हीसीडीसीत आणलं. तिथे भूक तपासणीत त्याने खास आहाराचं पाकीट अर्धं खाल्लं आणि उरलेलं मोठ्या बहिणीने. त्या दिवसापासून ताई बहिणीलाही बोलावून अंगणवाडीतली खिचडी द्यायच्या. ही गोष्ट कुठल्याच मार्गदर्शिकेत नाही, आणि त्याचं वजन तिथूनच चढायला लागलं.

पहिल्या वर्षी तुम्हीही चुकाल. माझ्यासारखं पाच महिने नका चुकू एवढंच. रडू येईल, येऊ द्या, पण त्या दिवशी राजीनामा लिहू नका. एसटीच्या शेवटच्या गाडीची वेळ पाठ ठेवा, काट्याचे जादा सेल पिशवीत ठेवा. पावरी किंवा कोरकू, जी भाषा असेल तिच्यातले ‘दुखत नाही, आत्ता झालं’ एवढे शब्द आधी शिका, मूल कमी रडतं आणि पाय सैल सोडतं.

आणि रजेचं नियोजन. दिवाळीनंतर ऊसतोडीला, वीटभट्टीवर, गुजरातकडे कुटुंबं निघतात आणि तुमची यादी ओस पडते. रजा तेव्हा घ्या. होळीच्या आठवड्यात मागू नका, सगळे परत आलेले असतात, आणि मुलं चार महिन्यांनी पहिल्यांदा मोजायला मिळतात.