बर्नर ट्यूनिंगआधी: गळती बघा, मग बाकीचं

कोळशाच्या भुकटीवर चालणाऱ्या बॉयलरचे बर्नर लावून घ्यायचेत. लोड स्थिर, कोळसा एकाच प्रतीचा, सूटब्लोइंग (नळ्यांवरची काजळी-राख उडवणं) उरकलेलं. हे सांगायला नकोच.

पहिलं काम, भट्टीत शिरणारी चोरटी हवा शोधणं. मागच्या खेपेला नेमकं हेच राहिलं आणि सगळे आकडे वाया गेले. भट्टी ऋण दाबावर चालते, म्हणून गळतीतून धूर बाहेर येत नाही, हवा आत ओढली जाते. डोळ्यांना काहीच दिसत नाही. तळाच्या हॉपरचं वॉटर सील, मॅनहोल, पीपहोल, पेंटहाऊस (भट्टीच्या छतावरची बंद जागा), एक्स्पान्शन जॉइंट, सगळीकडे धूरकांडी धरून बघा. इकॉनॉमायझरपाशी (धुराच्या वाटेवर पुढे, पाणी तापवणाऱ्या नळ्यांपाशी) ऑक्सिजन 3.5 टक्के दिसतो, पण त्यातली बरीच हवा ज्वाळेला भेटलेलीच नसते. बर्नरच्या वाट्याला जेमतेम 2 टक्के उरतो. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) चढतो, राखेत कार्बन राहतो आणि शिव्या बर्नरला. पाण्याने थंड ठेवलेला प्रोब भट्टीच्या निकासाशी घालून तिथला ऑक्सिजन मोजा आणि ताडून बघा. तफावत 1 टक्क्याच्या वर असेल तर डॅम्परला (हवेच्या झडपेला) हात लावू नका, आधी गळती बुजवा. झिरकोनिया प्रोब (बॉयलरवर कायम बसवलेला ऑक्सिजन मापक) ओल्या वायूवर मोजतो, पोर्टेबल अ‍ॅनालायझर कोरड्या, त्यातला 0.3 टक्क्यांचा फरक गळतीचा नव्हे.

गळती बुजली? खरंच? मग मिल, म्हणजे कोळसा दळणारी गिरणी. भुकटी 200 मेशमधून (बारीक चाळणीतून) किमान 70 टक्के जावी, 50 मेशवर (जाड चाळणीवर) 1-2 टक्क्यांहून जास्त उरू नये. दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा, कारण लो-नॉक्स (नायट्रोजन ऑक्साइड कमी ठेवणाऱ्या) बर्नरमध्ये हवा उशिरा मिळते आणि जाड कण अर्धवट जळून निघून जातात. कोल पाइपमध्ये नुसत्या हवेचा वेग सरासरीच्या ±2 टक्क्यांत, कोळशाचं वाटप ±10 टक्क्यांत हवं. वेग सेकंदाला 18 मीटरखाली गेला की भुकटी पाइपात बसते. पण म्हणून प्रायमरी एअर (भुकटी वाहून नेणारी हवा) वाढवत सुटू नका: ज्वाळा बर्नरच्या तोंडापासून सुटते, कोळशातला नायट्रोजन भरपूर ऑक्सिजनमध्ये बाहेर पडतो आणि नॉक्स वाढतो.

ओव्हरफायर एअर (बर्नरच्या वर सोडलेली हवा) शेवटी, थोडी थोडी. फार दिली तर खाली ऑक्सिजन कमी पडून भिंतीच्या नळ्या गंजून झिजतात, क्लिंकर (वितळलेल्या राखेचा थर) धरतो.

एका वेळी एकच बदल, मग अर्धा तास थांबा. नॉक्स, सीओ, राखेतला कार्बन एकत्र लिहा. बर्नरच्या व्हेन (हवेला वळण देणारी पाती) आणि टिप (तोंड) शटडाऊनमध्ये बघा.

आणि हॉपरच्या सीलमध्ये पाणी आहे ना, परत बघा.