मृगाच्या तोंडावर: उजाड माळावर गवत पुन्हा कसं बसवायचं

मे संपत आला की पशुपालकांची विचारणा सुरू होते: गायरानावर, पडीक मुरमाड तुकड्यावर यंदा कुठल्या गवताचं बी टाकू? बियाण्याचं पुढे सांगतोच, पण त्याआधी एक काम करा. पहिला पाऊस पडायच्या आत त्या माळावर चक्कर मारा आणि आज तिथे काय उभं आहे ते वाकून बघा. वाळलेल्या गवताचेही ठोंब ओळखता येतात. माळावर गवतं ठरावीक क्रमाने येतात आणि त्याच क्रमाने उलटी जातात. आपला माळ त्यात कुठे आहे हे न बघता टाकलेलं बी बहुतेक वेळा मुंग्यांच्या पोटात जातं.

१९७३ मध्ये दाबडघाव आणि शंकरनारायण या गवताच्या अभ्यासकांनी देशातल्या गवताळ भागांचं वर्गीकरण मांडलं. त्यात दख्खनच्या पठाराची ओळख पवन्या आणि मारवेल या दोन गवतांच्या जोडीवरून ठरली. उतारावरच्या उथळ, मुरमाड जमिनीत पवन्या, काही गावांत त्यालाच शेडा म्हणतात. आणि सखल भागात, बांधाकडेला, ओल धरणाऱ्या काळ्या मातीत मारवेल. दोन्ही बहुवर्षायू, दोन्ही जनावरं आवडीने खातात, म्हणूनच चराईत आधी तीच संपतात. पवन्याची जागा कुसळी हे लांब कुसळांचं गवत घेते. कुसळीही खुरटली की तीन कुसळांचं बुटकं गवत पसरतं. त्याच्याही पुढे गेलेल्या माळावर टाकळा, तरवड, गाजर गवत आणि मधे उघडा मुरूम एवढंच उरतं.

कुसळी दिसली म्हणून निराश होऊ नका. ती असली तर माती अजून जाग्यावर आहे आणि चराई थांबवली तर पवन्यासारखी क्रमात वरची गवतं परतायला वाव आहे. मात्र असा माळ पेटवू नका. ‘जाळलं की कोवळं फुटतं’ हे डोळ्यांना दिसतं तेवढं खरं आहे. त्यामागे काय होतं ते दिसत नाही. कुसळीच्या बियांचं लांब कुसळ हवेतल्या ओलाव्याने उलगडतं, कोरड्या हवेत पुन्हा पिळतं आणि या फिरण्यात बी मातीत शिरतं. वणवा वरून निघून जातो, ते बी खाली सुखरूप राहतं. इतर गवतांचं वर पडलेलं बी आणि जमिनीवरचा पालापाचोळा मात्र जळतो. दरसाल पेटणाऱ्या माळावर शेवटी कुसळीचंच राज्य होतं, ते यामुळे.

आता बोराटीच्या, हेकळीच्या जाळीत डोकावून बघा. मोकळ्या माळावर पवन्याचं नाव नसतं, पण काट्यांच्या आत जनावराचं तोंड पोचत नाही तिथे त्याचे दोन-चार ठोंब टिकलेले सापडतात. तुमच्या माळाची बियाण्याची शिल्लक तीच. साफसफाईच्या नावाखाली सगळी झुडपं तोडू नका. वेडी बाभूळ काढा, गाजर गवत फुलायच्या आत मुळासकट उपटा, पण बोराटी काही ठिकाणी राहू द्या. दगडगोटेही वेचून माळ गुळगुळीत करू नका. दगडाच्या कडेला ओल टिकते आणि कोवळं रोप तिथे तग धरतं.

जिथे चांगल्या गवताचे ठोंब पाच-सात पावलांवर दिसतात, तिथे बी विकत घेऊच नका आणि जमीन नांगरूही नका. नांगरट केली की जुने ठोंब मरतात आणि मोकळ्या मातीवर आधी तणं झेपावतात. तिथे फक्त चराईबंदी करा: पहिल्या पावसापासून गवताचं बी गळेपर्यंत, म्हणजे जूनपासून साधारण ऑक्टोबरअखेर. बहुतेक लोक इथेच कचरतात. पण जूनमधला कोवळा फुटवा हा मुळांत साठवलेल्या अन्नावर आलेला असतो. तो खाल्ला की ठोंब दुसरा फुटवा काढतो, तोही खाल्ला की मूळ आखडतं. दोन पावसाळे सलग विसावा मिळाला तर ठोंब रुंदावतात, बी सांडतं आणि मधल्या जागा भरू लागतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने चराईबंदी केली, पण गवत कापून न्यायला मुभा ठेवली. ही सोय नसती तर लोकांनी बंदी पाळली असती असं मला वाटत नाही.

सगळं गायरान एकदम बंद करू नका. पावसाळ्यात धनगरांची मेंढरं कोकणातून याच माळांवर परततात. त्यांना वाट आणि चारा दोन्ही लागतात. गायरानाचे तीन-चार भाग पाडा, एकेक भाग दोन वर्षं बंद ठेवा आणि हे त्यांच्याशी बसून ठरवा. न विचारता घातलेलं कुंपण फार दिवस टिकत नाही.

ठोंबच उरले नसतील तर पेरणी करावी लागेल. उताराला आडव्या, हात-दीड हात अंतरावर उथळ रेघा ओढा. पूर्ण माळ उकरू नका. मुरमाड जागी अंजन गवताचं बी एकरी दोन किलो पुरतं. ते मागच्या हंगामातलं घ्या, कारण ताजं बी सुप्तावस्थेत असतं आणि नीट उगवत नाही. हे बी हलकं, केसाळ असतं, वाऱ्याने उडतं, मुंग्या ओढून नेतात. म्हणून चाळलेली माती, शेण आणि थोडी रेती यांत कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करा आणि सावलीत वाळवा. एक सेंटिमीटरहून खोल गाडू नका. मृगाच्या आधीची धूळपेर, म्हणजे कोरड्या मातीतली पेरणी, चालते.

सोबत स्टायलो टाका. हे शेंगवर्गीय चारापीक आहे, जमिनीला नत्र देतं. त्याच्या बियांचं कवच कठीण असतं, म्हणून ८० अंशांच्या गरम पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवून मग पेरा. मारवेल बियाण्यापेक्षा मुळासकट ठोंबांनी चांगला लागतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने त्याचे सुधारित वाण दिले आहेत. पाऊस लागल्यावर, जमीन ओली असताना, सखल भागात हातभर अंतराने लावा.

पहिल्या वर्षी माळ विरळच दिसेल. रोप आधी मूळ खाली सोडतं, वर फारसं काही दाखवत नाही. गवत वाढेना म्हणून युरिया फेकू नका. त्याचा फायदा आधी टाकळा आणि गाजर गवत घेतात. ती तणं विळ्याने छाटा म्हणजे रोपांना ऊन मिळेल. आणि वृक्षलागवडीचं पथक खड्डे घ्यायला आलं तर चांगलं गवत असलेल्या माळावर खड्डे घेऊ देऊ नका. तिथे झाड कमी म्हणजे जमीन ओसाड, हा समज चुकीचा आहे. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक पक्षी, लांडगे, चिंकारा याच उघड्या गवतावर जगत आले आहेत.

जनावरं कधी सोडायची? ठोंब मुठीत धरून चराईसारखा हिसका द्या. मुळासकट हातात आला तर अजून एक पावसाळा थांबा. जमीन ओली असताना तर जनावर घालूच नका. खुरांनी माती दाबली जाते.

कापणी अर्धं गवत फुलोऱ्यात आल्यावर करा. खाली वीतभर बुंधा ठेवा. कुसळी असेल तर कुसळं कडक होण्याआधीच कापा, नाहीतर ती मेंढरांच्या लोकरीत आणि तोंडात रुततात. पवन्या-मारवेलचे काही पट्टे मात्र न कापता बियाण्यासाठी राखा. दसरा-दिवाळीच्या सुमारास कणसं हाताने ओरबाडून सावलीत वाळवा आणि गोणपाटात कोरड्या जागी ठेवा. पुढच्या जूनमध्ये माळाच्या उघड्या जागांवर तेच बी टाकता येईल. बी गळून गेल्यावर चार-आठ दिवस मेंढरं फिरवली तर खुरांनी उरलेलं बी मातीत दाबलं जातं.